नवी येईपर्यंत

ज्योतीराम लोमटे सव्वीस वर्षं गाड्या चालवत होता आणि या सव्वीस वर्षांत त्याची बायको एकदाही त्याच्या शेजारी बसली नव्हती. ऐकायला विचित्र वाटतं, पण चाकणच्या बाजूला असली माणसं पैशाला पासरी मिळतील. दिवसभर चारचाकी बनवायची आणि शिफ्ट सुटली की दुचाकीला किक मारून घरी यायचं. ज्योतीराम तर बनवणाराही नव्हे, चालवणारा. एका मोटार कंपनीच्या टेस्ट ट्रॅकवर ड्रायव्हर. गाडी बाजारात यायच्या आधी तिला दोन-दोन वर्षं दगडांवरून, खड्ड्यांतून, गुडघाभर पाण्यातून पळवायची, कुठे काय वाजतंय, काय हलतंय ते कान लावून ऐकायचं आणि शिफ्ट संपताना रिपोर्टात लिहायचं, एवढंच त्याचं काम. पण ते काम त्याच्यासारखं करणारा दुसरा नव्हता. इंजिनिअर लोक कॉम्प्युटर लावून बसायचे आणि शेवटी म्हणायचे, "लोमटेभाऊंना बसवा रे एकदा."

घर दिघीला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मागच्या खिडकीतून मिलिटरीच्या हद्दीतली झाडं. एकुलती एक मुलगी वर्षाली नाशिकला दिलेली. बायको कस्तुरा, अंगाने किरकोळ, तोंडाने मात्र भारी. दोघं मूळचे कळंबकडचे, तिचं माहेर हिंगणवाडी. लग्न झाल्यापासून तिचं एक पालुपद होतं. "सगळ्या दुनियेच्या गाड्या चालवता, एकदा माझी चालवा. मी शेजारी बसते. काच खाली करून हिंगणवाडीत शिरू. माझ्या भावजया बघू द्या की जरा!"

"बघू," ज्योतीराम म्हणायचा.

या 'बघू'त पंचवीस वर्षं गेली. फ्लॅट झाला, पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं. कस्तुरानेही मनाला लावून घेतलं नाही. थट्टेत म्हणायची, थट्टेत सोडून द्यायची.

मग तिची पाठ धरली. आधी संक्रांतीच्या सुमाराला जरा जरा, मग इतकी की मोटरसायकलवर मागे बसली की गतिरोधक आला तरी तोंडातून कण्हणं निघायचं. एसटीचं तर नावच नको. रिक्षात बसली तर घरी आल्यावर तासभर आडवी. मणक्यात गॅप आला असणार, असं बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने सांगितलं. आपल्याकडे कामगार वस्तीत मणक्यात गॅप नाही असं माणूस सापडतंय कुठे! मालीश झालं, पट्टा झाला. जूनमध्ये मोठ्या दवाखान्यात फोटो काढले आणि डॉक्टरांनी ज्योतीरामला एकट्याला आत बोलावलं. गॅपबिप काही नव्हता. आजार दुसरीकडे सुरू होऊन हाडात उतरला होता.

"किती दिवस?" ज्योतीरामने विचारलं.

"दीड वर्ष. नीट चाललं तर दोनही."

बाहेर कस्तुरा बाकावर बसून शेजारच्या पेशंट बाईला चपातीची कणीक कशी मळावी ते सांगत होती. तो बाहेर आला आणि म्हणाला, "गॅपच हाय. मशीनचा शेक घ्यावा लागणार." मग जिन्याखाली जाऊन त्याने वर्षालीला फोन लावला. बापलेकीचं ठरलं, आईला काही कळू द्यायचं नाही. आपल्यात असंच करतात. माणूस नावानेच हाय खातं, मग औषध लागू पडत नाही, असं सगळेच म्हणतात. रिपोर्टांची फाइल त्याने कंपनीच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली. कस्तुराचा वीस दिवस शेक झाला. डोक्याला स्कार्फ बांधलेल्या बायकांच्या रांगेत ती रोज बसायची आणि ज्योतीरामला वाटायचं, हिला काही पत्ता नाही. कमाल आहे या माणसाची! पाव इंचाचा नट ढिला झाला तर ज्याला ऐकू येतो, त्याला आपली बायको वीस दिवस त्या रांगेत बसून काय काय ऐकत असेल, हे सुचलं नाही.

शेकाने दुखणं पुष्कळ कमी झालं. ती पुन्हा गॅसपाशी उभी राहायला लागली. आणि दसऱ्याच्या आठ दिवस आधी चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, "आपण ती छोटी लाइटवरची गाडी घेऊ."

लाइटवरची म्हणजे इलेक्ट्रिक. ज्योतीरामच्याच कंपनीची, चार माणसांची, रस्त्यावर सगळीकडे दिसते ती. तळमजल्यावरच्या दत्तोबांनी घेतली होती आणि त्यांनी तिला एकदा दवाखान्यात सोडलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात ती बसली. "अहो, आवाज न्हाई, थरथर न्हाई. पाठीला कळतसुदिक न्हाई गाडी चाललीय म्हणून. तेवढीच घ्या. थट्टा न्हाई करायले."

आता इथे ज्योतीरामची खरी पंचाईत होती. कारण त्याच गाडीची पुढची पिढी तो गेलं वर्षभर ट्रॅकवर आणि कधीमधी बाहेरच्या रस्त्यावर चालवत होता. काळ्या-पांढऱ्या नक्षीचा स्टिकर अंगभर चिकटवलेली, आकार कळू नये म्हणून जागोजागी फुगवटे लावलेली. आणि काय गाडी होती राव! जुनी गाडी कळंबच्या वाटेवर टेंभुर्णीच्या पुढे दम टाकायची, चार्जिंगला तास-दीड तास थांबायचं आणि कस्तुराला बाकड्यावर तासभर बसवत नव्हतं. नवी एका दमात हिंगणवाडीच्या वेशीपर्यंत पोचणार होती. जुनी खड्ड्यात आदळायची, नवी तोच खड्डा गिळून टाकायची. सीट रुंद, दार मोठं, वाकायला नको. जणू कुणीतरी कस्तुराची पाठ समोर ठेवूनच गाडी काढली होती. डिपार्टमेंटच्या बोर्डावर तारीखही लागली होती, गुढीपाडवा.

पण हे सांगायचं कुणाला? गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. प्रोजेक्टवर घेताना सही घेतात, की घरी, दारी, सख्ख्या भावालाही बोलायचं नाही. एका पोराने नुसता आरशाचा फोटो मित्राला पाठवला तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर काढलं होतं. ज्योतीरामला ती सही म्हणजे देवासमोर शपथेला उचललेला भंडारा. सव्वीस वर्षांत त्याच्या तोंडून गाडीचा रंगसुद्धा बाहेर पडला नव्हता आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! अरे बाबा, बायकोच्या कानात सांगितलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही.

"पाडव्याला बघू," तो म्हणाला.

"पाडव्याला कशाला? दसरा काय वाईट हाय?"

"जरा थांब गं. माझं ऐक."

"कशाची वाट बघायलात तुमी?"

त्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला.

कस्तुराने हट्ट सोडला नाही. दसऱ्याच्या आदल्या रविवारी तिने त्याला भोसरीच्या शोरूममध्ये नेलंच. तिथल्या तरतरीत सेल्समनने चावी ज्योतीरामच्या हातात दिली. कस्तुराने पदर सावरला आणि पुढचं डावं दार उघडलं. "मॅडम, तुम्ही मागे बसा ना, आरामात," सेल्समन म्हणाला, "मला सरांना फीचर्स दाखवायचेत." आणि तो बसला की तिच्या जागेवर! ज्या माणसाने ती गाडी जन्माला घातली त्याला तो वायपरचं बटण दाखवत होता. कस्तुरा मागे बसली. आळंदी रोडला वळसा घालून गाडी परत आली. ज्योतीरामचं सगळं लक्ष मागच्या चाकाच्या आवाजाकडे. उतरल्यावर तो म्हणाला, "बघितलंस ना? मागं आदळते ही."

"मागं आदळती," कस्तुरा म्हणाली. "पुढं कशी हाय ते कुठं कळलं?"

एवढं स्पष्ट बोलूनही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो आपला पाडव्याचे दिवस मोजत राहिला.

थंडी चांगली गेली. कस्तुरा अधूनमधून विषय काढायची. भाजी निवडताना, टीव्ही चालू असताना, तो बूट घालताना. "जुनीच घेऊ की. मला नवं न्हाई लागत काही." तो ऐकायचा आणि मनात हसायचा, की हिला काय माहीत आपल्यासाठी काय येतंय! या एका आनंदावर तो बिचारा जगत होता. सकाळी दवाखान्याच्या गोळ्या काढून देताना तो त्या दोनदा मोजायचा आणि ट्रॅकवर त्या नक्षीच्या गाडीत बसला की दवाखाना विसरायचा.

फेब्रुवारीत एक गोष्ट झाली. शेवटच्या चाचण्या चालू होत्या. ज्योतीरामचा जोडीदार भिमाजी गाडी चालवत होता आणि ज्योतीराम मुद्दाम डावीकडे बसला होता. ड्रायव्हर सहसा डावीकडे बसत नाहीत. पण कस्तुरा बसेल तिथे आपण बसून बघावं, असं त्याला वाटलं. दगडी पट्टा संपता संपता त्याच्या सीटच्या खालून आवाज आला. टक. मग दोन फेऱ्यांनी पुन्हा. टक.

"ऐकलंस?"

"काय?" भिमाजी म्हणाला. "भाऊ, काही नाही. खडा उडाला असेल."

खडा नव्हता. खडा आणि पत्रा यातला फरक ज्योतीरामला झोपेत कळला असता. बॅटरीची पेटी जिथे गाडीच्या पोटाला धरलेली असते, त्या बाजूला काहीतरी सुटत होतं. कॉम्प्युटरवर काही येत नव्हतं. लिहिलं नसतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. भिमाजी तर हात जोडायला लागला, "भाऊ, महिन्यावर तारीख आलीय. आता लिहिलंत तर सगळं पुढे जाईल. कदाचित दहा हजार गाड्यांत एकीचं वाजेल."

ज्योतीराम कँटीनमध्ये जेवला नाही. पाडवा गेला तर काय होईल हे त्याच्याइतकं कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. पण बरोबर तिच्या सीटखाली? आणि त्या दहा हजारांतली एक तिच्याच वाट्याला आली तर? रस्त्यात कुठे गाडी बंद पडून ती उन्हात बसली तर? दुपारी त्याने पेन घेतलं आणि लिहिलं. डावी सीट, खालची बाजू, आवाज.

इंजिनिअरांनी पेटी खोलली. ब्रॅकेटला केसासारखी भेग निघाली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला, टाळ्या झाल्या. आणि बोर्डावरची तारीख पुसली गेली. पाडव्याची अक्षय्य तृतीया झाली, अक्षय्य तृतीयेचे गणपती झाले.

तारीख गणपतीवर गेली त्या दिवशी तो घरी आल्यावर कस्तुराने त्याचा चेहरा बघितला. "काय झालं?"

"काही न्हाई."

"मग आता जुनीच घेऊ?"

तेव्हा मात्र तो चिडला. आपल्याच हाताने आपल्याच पायावर दगड पाडून आलेला माणूस, चिडणार नाही तर काय! "एकच लावून धरलंय नुसतं! गणपतीपर्यंत थांबता येत न्हाई का तुला? जीव चाललाय का?"

बोलून गेला आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. कस्तुरा आत गेली आणि तिने कुकर लावला. त्यानंतर तिने थोडे दिवस गाडीचा विषय काढला नाही.

मे महिन्यात पाठीचं दुखणं परत आलं, ते आधीच्या दुप्पट. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मग दुखण्यावर अंगाला चिकटवायच्या पट्ट्या दिल्या, मग त्यांनी ज्योतीरामकडे बघणं टाळायला सुरुवात केली. आषाढात ती अंथरुणाला खिळली. समोरच्या दारातली पिंकी दुपारचं तिच्यापाशी बसायची. पिंकीचा नवरा कंपनीच्या बसवर, ती स्वतः कासारवाडीत एका दुकानात सकाळचं काम करायची. पोरगी मोठी गुणाची, तिला खायला घालायची, केस विंचरायची, फोनवर काहीबाही दाखवायची. ज्योतीराम शिफ्टवरून आला की कस्तुरा पुन्हा विचारायला लागली होती. आवाज बसला होता, तरी विचारायची. "दत्तोबांची मागता येती का एक दिवस?"

"लोकांची कशाला? आपली येतेय ना. महिनाभर कळ काढ."

"महिनाभर," ती म्हणायची आणि डोळे मिटायची.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी कस्तुरा गेली. वर्षाली आली होती. ज्योतीराम घरीच होता. फार त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. असं म्हणतातच.

अस्थी मांजरा नदीत सोडायच्या, हे तिचे भाऊ म्हणाले म्हणून तो हिंगणवाडीला एसटीने गेला. मडकं लाल कापडात गुंडाळून मांडीवर. जावई गाडी करतो म्हणत होता, पण ज्योतीरामने ऐकलं नाही. कुणाच्याही गाडीत बसायची त्याला इच्छा उरली नव्हती. बार्शीच्या पुढे रस्ता उखडलेला होता आणि एसटी जिथे जिथे आदळायची तिथे तो मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरायचा. शेजारचा माणूस म्हणाला, "काका, खाली ठेवा की पायापाशी." ज्योतीरामने मान हलवली. वेशीत उतरल्यावर भावजया रडत पुढे आल्या तेव्हा त्याला रडू फुटलं, ते इतकं की लोकांना भावजयांना सोडून त्यालाच धरावं लागलं.

गणपतीत गाडी आलीच नाही. दिवाळीत आली.

मोठा समारंभ झाला, पडदा सरकला, धूर सोडला, संगीत वाजलं. ट्रॅकवरच्या लोकांना शेवटच्या रांगांत खुर्च्या होत्या. नक्षीचा स्टिकर निघाल्यावर खाली गाडी पांढरीशुभ्र होती. साहेब येऊन म्हणाले, "लोमटे, पहिल्या लॉटमधली तुम्हाला राखून ठेवतो. बोला, रंग कोणता?" ज्योतीराम म्हणाला, "नको साहेब." साहेबांना वाटलं, पैशाची अडचण असेल. ते हप्त्यांचं सांगायला लागले. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाला, नको.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी पिंकी फराळाचं ताट घेऊन आली. दुखवट्याचं घर, दिवाळी नव्हती, म्हणून शेजाऱ्यांनी द्यायचं. ताट ठेवून ती घुटमळली आणि म्हणाली, "काका, आली शेवटी तुमची गाडी."

"माझी कसली? आणि मी त्या गाडीवर होतो, हे तुला कुणी सांगितलं?"

"काकूंनी."

ज्योतीरामला आधी ते कळलंच नाही. "कस्तुराला कुठं माहीत होतं? मी कधी तोंड उघडलं नाही. तेवढंच राहून गेलं बघ. तिला वाटलं असणार, नवऱ्याला घ्यायचीच नव्हती."

पिंकी खाली बसली. "काका, मागच्या वर्षीच्या दसऱ्याच्या आधीच त्यांना माहीत होतं. शिक्रापूर रोडला कुणीतरी त्या चट्ट्यापट्ट्याच्या गाडीचा व्हिडिओ काढला होता. सगळ्यांच्या फोनवर आला होता. तोंड दिसत नव्हतं, नुसतं खिडकीबाहेर कोपर. काकू हसल्या आणि म्हणाल्या, 'अगं, हे तर आमचे हायत.' दहा वेळा लावायला लावला मला तो व्हिडिओ."

ज्योतीरामने आपल्या कोपराकडे बघितलं.

"मी म्हटलं, मग काकांना विचारा ना. तर म्हणाल्या, 'नको गं. त्यांनी सही केलीय. विचारलं तर त्यांना खोटं बोलावं लागंल, आणि त्यांना खोटं जमत न्हाई. गॅपचं कसं सांगितलं बघ की, माझ्याकडं न बघता.'"

खाली रस्त्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. ती वाजून संपली.

"गॅपचं," ज्योतीराम म्हणाला.

"शेकाच्या रांगेत पहिल्याच दिवशी कळलं होतं त्यांना. तिथल्या बायकांनी सांगितलं. मला शपथ घातली होती, काकांना कळू द्यायचं नाही म्हणून. म्हणायच्या, 'मला माहीत न्हाई म्हणून तर ते उभे हायत. त्यांना कळलं की मला कळलंय, तर बसतील.'" पिंकीने ओढणीने डोळे पुसले.

ज्योतीराम उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. त्याला आता चीड आली होती, कस्तुराची, स्वतःची, त्या सहीची, सगळ्यांची. "मग? सगळं माहीत होतं, तर थांबायचं होतं ना जरा धीराने! नवी एवढी चांगली येतेय, आपल्याचसाठी येतेय, हेही कळलं होतं, तरी रोज आपलं जुनी घ्या, जुनी घ्या! का?"

"काका," पिंकी म्हणाली, "त्यांना नवी-जुनी काही नको होतं. म्हणायच्या, 'गाडी कुठली का असंना, चालवणार तर हेच ना? मला यांच्या शेजारी बसायचंय एकदा. नवी येईपर्यंत मी असंन का?'"

ज्योतीराम मटकन खुर्चीत बसला. त्याने विचारलं, "मग हे मला का न्हाई म्हणाली ती?"

पिंकीने त्याच्याकडे बघितलं. "म्हणत होत्या की काका. रोजच म्हणत होत्या."

"म्हणत होती," ज्योतीराम म्हणाला. "व्हय. रोज म्हणत होती."